बदकं माझी होती

बदकं पाळायची कल्पना माझ्या नवऱ्याची. त्या काळी मी त्याला अहो-जाहो करत असे. इथे करणार नाही.

आम्ही बोरिवली पश्चिमेला एका वाडीत राहायचो. बैठं कौलारू घर, मागे चार केळी, एक चिकू आणि धुण्याचा सिमेंटचा हौद. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं, आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते, दुपारच्या पाळीला. नवरा फोर्टातल्या एका खासगी कंपनीत हेडक्लार्क, आणि वर चढायची त्याला भारी घाई.

एका रविवारी तो ऑफिसातल्या मित्रांबरोबर खाडीपलीकडे गोराईला गेला आणि संध्याकाळी टोपलीतून बदकाची सहा पिल्लं घेऊन आला. हळदीच्या रंगाची, मुठीत मावतील एवढी.

"अगं, बघ तरी! कोंबड्यांसारखी कटकट नाही यांची. खरकटं टाकलं की झालं. पाच-सहा महिन्यांत घरची अंडी."

"पण यांचं करणार कोण?"

"करायचं काय त्यात? बदकं ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या डब्याच्या पोळ्या लाटत होते, तर मागून पाण्याचा आवाज आला. त्याने काठोकाठ भरलेल्या हौदात सहाही पिल्लं सोडली होती.

"अहो, काढा बाहेर. गारठतील."

"बदकांना पोहायला शिकवतेस?" असं म्हणून तो हसला आणि दाढी करायला आत गेला.

तो काढील, या भरवशावर मी तव्यावरची पोळी उलटली. शेवटच्या दोन पोळ्या झाल्यावर बाहेर गेले, तेव्हा दोन पिल्लं आडवी तरंगत होती. बाकीची हौदाच्या सरळ, गुळगुळीत भिंतीला चोची घासत धडपडत होती. वर चढायला जागाच नव्हती. मी त्यांना बाहेर काढलं, जुन्या पातळात गुंडाळलं, स्टोव्हजवळ घेऊन बसले. त्यातलं एक माझ्या मांडीवर थरथरत थरथरत गेलं.

नवरा भांग पाडून बाहेर आला. बघितलं आणि म्हणाला, "तुझं लक्ष कुठे होतं?"

त्या वाक्याला आता चाळीस वर्षं झाली. अजून आठवलं की माझे कान तापतात. तेव्हा मी उठले. त्याच्या हातात डबा दिला. तो गेल्यावर केळीखाली खड्डा खणून तीन पिल्लं पुरली.

मंगळवारी माझी सुट्टी होती. उरलेली तीन परत करायची म्हणून मी टोपली घेऊन खाडीच्या धक्क्यावर गेले आणि होडीने गोराईला उतरले. बदकंवाली मावशी शोधायला फार फिरावं लागलं नाही. तिच्या घरामागे चिखलाचं डबकं होतं आणि त्यात वीसेक बदकं. मी झालेलं सांगितलं. ती पन्नाशीची बाई, हातात मासळीचा सुरा. ऐकता ऐकताच तिचा आवाज चढला.

"हौदात टाकली? यांची आय हाय का संगती? आयच्या पंखाखाली राहून पिसांना तेल लागतं. आय नाय, तर पोहणं नाय. येवढं पण नाय कळत, गो?"

"मी नाही टाकली. नवऱ्याने टाकली."

"मग त्याला का नाय आणलास? त्याला शिव्या घातल्या असत्या."

पिल्लं परत घ्यायला तिने साफ नकार दिला. पण उंबऱ्यावर बसवून सगळं नीट सांगितलं. पाणी ताटलीत द्यायचं, चोच नाकपुडीपर्यंत बुडेल एवढंच. अंग कोरडं ठेवायचं. खोक्यावर विजेचा दिवा लावायचा. पिल्लं एकमेकांवर चढली तर थंडी वाजतेय, लांब पळाली तर उकडतंय. तांदळाची कणी मऊ शिजवायची, त्यात कोंडा. पिसं पुरी आल्यावर मग हौद, आणि त्यातही विटांची पायरी करायची, म्हणजे त्यांना आपलं आपण बाहेर येता येईल.

मी सगळं तसंच केलं. खोक्यावर साठचा बल्ब टांगला. रोज सकाळी ओला भुसा काढायचा, नवा घालायचा. बदकं किती घाण करतात हे ज्याने काढलीय त्यालाच ठाऊक. पाणी दिलं की चिखल, चिखल झाला की त्यातच खाणं. माझ्या नखांतून तो वास जात नसे. एक्स्चेंजमध्ये हेडफोन लावून लोकांची बोलणी खायची आणि घरी येऊन चिखल उपसायचा. नवरा नाकाला रुमाल लावून मागच्या दाराने जायचा आणि शेजाऱ्यांना हसत सांगायचा, "हिने बदकं पाळून घराची वाट लावलीय."

हिने!

पिल्लं वाढली. दोन माद्या आणि एक नर. माद्या घसा फाटेपर्यंत ओरडत. नराचा आवाज बसल्यासारखा, शेपटीवर एक वळलेलं पीस. हौदावरून मी हाक मारली की तिघंही ओळीने डुलत येत. एका सकाळी चिकूखाली, उघड्या मातीत, फिकट हिरवं अंडं दिसलं. मी उचललं. उबदार होतं. हातात धरून मी बराच वेळ नुसती उभी होते. तेवढ्यात नवरा आला, माझ्या हातातून अंडं घेतलं आणि रुमालात गुंडाळून ऑफिसात दाखवायला घेऊन गेला.

त्याचा परिणाम महिनाभराने कळला. एका शनिवारी तो म्हणाला, "उद्या साहेब जेवायला येतायत, मिसेसना घेऊन. तो नर कापू. खाटकाला सांगून ठेवलंय, दहाला येईल. तू वाटण तेवढं करून ठेव."

"कोणाला विचारून?"

"विचारायचं काय? आणली कोणी?"

रविवारी सकाळी तो नारळ आणि बर्फ आणायला बाहेर पडला. मी वाटणाचं खोबरं पाट्यावर तसंच ठेवलं. तिन्ही बदकं दोन टोपल्यांत घातली, वरून जुनी साडी बांधली आणि रिक्षा केली. धक्क्यापर्यंत माद्या ओरडत होत्या. रिक्षावाला आरशातून बघत होता.

मावशीने बदकं तिच्या डबक्यात सोडली. मला भात आणि बोंबलाचं कालवण वाढलं. "घरी सांगून आलीस?"

"नाही."

"बरं."

जेवता जेवता मी तिला सगळं सांगितलं. सांगताना रडले नाही. राग इतका होता की रडू फुटायला वावच नव्हता. ती म्हणाली, "ठेव हवं तर हितंच." क्षणभर वाटलं, ठेवावीत. पण मग तो उद्या वाडीत सांगणार, कंटाळली आणि सोडून आली. मी म्हटलं, "नाही. माझी आहेत, घरी नेणार."

पाचच्या सुमाराला परतले. पाहुणे जेवून गेले होते. ओट्यावर हॉटेलातून आणलेल्या बिर्याणीचे डबे पडले होते. नवरा खुर्चीत बसला होता, इस्त्रीच्या शर्टात.

"साहेबांना काय सांगितलंत?"

"तुझे वडील सिरियस आहेत म्हणून सांगितलं. दुसरं काय सांगणार होतो?"

माझे वडील त्या वेळी दादरला आरामात पान लावत बसले असतील. "माझ्या बापाला मारायला निघालात?"

"सिरियस म्हटलं. मेले नाही म्हटलं."

त्यानंतर महिनाभर मी त्याच्याशी कामापुरतंच बोलले. मग अंधेरीला एका हॉलमध्ये कंपनीचं स्नेहसंमेलन होतं. बायकांना न्यायचंच होतं, म्हणून गेले. साहेब स्वतःहून जवळ आले. भला माणूस असावा. "आता वडील कसे आहेत?"

नवऱ्याने माझ्या कोपराला हात लावला. मी कोपर सोडवलं.

"ठणठणीत आहेत. त्यांना काही झालंच नव्हतं. यांनी माझं बदक तुमच्यासाठी कापायला काढलं होतं, मला न विचारता. म्हणून मी तिन्ही बदकं घेऊन गोराईला गेले होते."

साहेबांनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या बायकोने मात्र मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि विचारलं, "अंडी रोज देतात?"

"सध्या देतायत."

परतताना नवरा रिक्षात म्हणाला, "माझी इज्जत घालवलीस."

"हो," मी म्हटलं.

त्या वर्षी बढती दुसऱ्याला मिळाली. ती बदकांमुळे हुकली की आणखी कशामुळे, मला माहीत नाही. तो मात्र शेवटपर्यंत बदकांमुळेच म्हणत राहिला. पुढे नराला मुंगसाने नेलं. माद्या आणखी चार वर्षं जगल्या. त्या चार वर्षांत मी दोनदा बाळंत झाले, पाळ्या बदलून घेतल्या, तापात पडले, आणि एकाही सकाळी त्याने मागचं बदकांचं खुराडं उघडलं नाही.