रेडिओशी भांडणारा सुखराम

सुखरामचं नाव काढलं का आजबी लोकायच्या तोंडावर हसू येते. माह्या येत नाही. मले कोनी त्याच्याबद्दल इचारलं तर मी सांगते, पन पुरं सांगते. अर्धं आयकून खी खी करत निंघून जाचं, ते या शेवंतापाशी चालनार नाही.

सन पासष्टात पंचायतीले सरकारी रेडिओ भेटला. आमचं गाव कटंगीपासून दोन कोसावर. बॅटरीवर चालनारी लाकडी पेटी, वर भोंगा. चावी सुखरामकडे देली, कारन तो उकव्याच्या खदानीत सात वर्सं राह्यला होता, त्याले हिंदी चांगली समजे. धुळीनं छाती खराब झाली म्हून घरी आलता. सरपंच म्हने, "सुखराम, रेडिओचं हिंदी लय भारी हाये. तू लोकायले आपल्या बोलीत समजावून सांगत जा."

दोन दिवस त्यानं समजावलं. तिसऱ्या दिवशी रेडिओतला साहेब धान कसा रोवाचा ते सांगून राह्यला होता. सुखरामनं पेटीचा कान पिळून आवाज बारीक केला आन पेटीलेच म्हनलं, "काहून गा साहेब, तू कवा चिखलात उतरला काय? का खुर्चीवर बसूनच रोवते?" अरे बाप्पा! मानसं हसून हसून लोळले.

झालं. तवापासून समजावनं गेलं, भांडनच राह्यलं. रेडिओनं एक वाक्य बोलाचं, सुखरामनं आवाज बारीक करून दोन सुनवाचे, मंग पुन्हा आवाज मोठा. मानेच्या शिरा फुगत, पेटीवर थाप पडे. साहेब काई उलटून बोलू शकत नसे, म्हून रोज सुखरामच जिंके. बाजूच्या गावातले मानसं येत. कोनी त्याच्यासाठी बिडी आने, कोनी चहा.

मी खोटं नाही बोलनार, मलेबी लय आवडे. संध्याकाळी लवकर लवकर सैपाक आटपून, आनंदीले कडेवर घेऊन मी चौकातल्या पंचायतीच्या ओट्यावर जागा धरून बसो. आनंदी माही पोरगी, चार वर्साची, लग्नाच्या अकरा वर्सानं झालेली. काहून आवडे म्हनाल तर सांगते. तहसीलच्या बाबूसमोर आमच्या तोंडातून शब्द निंघत नसे. सुखरामबी खदानीत सात वर्सं मान खाली घालून शिव्या आयकून आलता. इथं तो साहेबाच्या आवाजाले गप करे, आन आमाले वाटे आमीच केलं. घरी मात्र हा मानूस गोगलगाय, बायकोसमोर मान वर करत नसे.

मंग एका संध्याकाळी रेडिओवर डाक्टर आला. देवीचा रोग पसरून राह्यला, लेकरायले टीका लावा, लस टोचून घ्या, म्हने.

सुखरामनं कान पिळला. "काहून गा डाक्टर? माता घरी येते ते पाहुनी. आमी पाहुनीले पाट देतो, तू सुई दाखवते? उद्या म्हनशील लक्ष्मी येऊन राह्यली, दाराले कुलूप लावा!"

काय हसले लोक! माह्या डोयात पानी आलं हसून. आनंदीनं टाळ्या पिटल्या. तिले काई समजलं नव्हतं, मी हसली म्हून तीबी हसली.

चार दिवसानं टीकेवाला आला, सायकलीले पेटी बांधून. गरीब मानूस, उन्हानं लाल झालेला. ज्या दारात जाये त्या दारात त्याले सुखरामचंच बोलनं भेटे. मीबी दारात उभी राहून म्हनलं, "पाहुनीले सुई दाखवता काय जी?" बाजूच्या बाया फिदीफिदी हसल्या. आनंदीले मी धानाच्या कोठीमांगं लपवलं होतं. तो हात जोडून म्हने, "बाई, लेकरू हाये तर दाखवा." मी म्हनलं, नाही. इतकं सोपं होतं ते.

चैतात गावात देवी आल्या. सात लेकरं गेले. आनंदी नवव्या दिवशी गेली. कडुनिंबाचा पाला टाकून निजवलं होतं तिले. शेवटी डोये उघडत नव्हते, हात लावला तर कातडं हाताले लागे. पानी पानी करे. माय वो, मी काई सांगत नाही पुढचं.

मले राग आला तो मातेचा आला, नशिबाचा आला. सुखरामचा नाही. लेकरं गेले तवा महिनाभर रेडिओ बंद होता, मंग पुन्हा सुरू झाला. माहा नवरा नथ्थू म्हने, चाल, तेवढंच मन रमीन. मी नाही गेली.

पावसाळ्याच्या तोंडावर मी विहिरीवर गेली. सुखरामची बायको विमला आपल्या सीतेले आंघोळ घालून राह्यली होती. सीता आनंदीच्याच वयाची. पोरीच्या दंडावर टीकेचे दोन गोल वन.

"विमला, हे कवाचे?"

विमला खाली पाहत म्हने, "टीकेवाला आलता ना बाई, त्याच दिवशी. सीतेच्या बापानं मांगच्या दारानं बोलावला. खदानीत त्यायलेबी टीका लावला होता, गुन येते हे मालूम होतं. कोनाले सांगू नोको म्हने, लोक हसतीन."

लोक हसतीन!

त्या संध्याकाळी मी सीतेचा हात धरून भर चौकात गेली. रेडिओ चालू होता, ओटा भरला होता. पोरीची बाही वर केली आन वरडली, "सुखराम, हे पाहाय! सांग या लोकायले! तुह्या पोरीले सुई, आन माह्या पोरीले पाहुनी? काहून रे? काहून?"

सुखराम पांढरा पडला. हात पेटीच्या कानावर गेला, रेडिओचा आवाज बारीक झाला. आन सवयीनं, निव्वळ सवयीनं, त्याच्या तोंडातून निंघालं, "घ्या! साहेब गेला, आता वहिनीचं स्टेशन लागलं!"

ओटा हसला. पुरा ओटा.

सुखरामनं लोकायकडे पाह्यलं. "हसू नका बे," तो म्हने. लोकायले वाटलं हेबी त्यातलंच हाये. अजून हसले. "अरे, खरं म्हनते वहिनी! हसू नका!" डोयातून पानी गळून राह्यलं होतं त्याच्या, पेटीवर थापा मारून राह्यला होता, जशा रोज मारे तशा. आन लोक पोट धरून हसत होते. तवा मले त्या टीकेवाल्याचं तोंड आठवलं.

सुखरामनं दुसऱ्या दिवशी चावी पंचायतीत टाकली. त्यानंतर पाच वर्सं जगला, खोकत, कोनाशी न बोलता. रेडिओ दुसऱ्याकडे गेला. पेटी एकटीच बोलत राहे, आयकाले कोनी येत नसे.

आन गाव अजूनबी मले म्हनते, "शेवंता, काय मजा येत होती वो. तुह्यापायी बंद झाली."