जपानी चहा आणि माझ्या चामखिळी

माझ्या उजव्या हातावर चामखिळी होत्या. एकदोन नव्हेत, चांगली जत्रा भरली होती. पेरांवर, अंगठ्याच्या कडेला, आणि एक मेली नेमकी तर्जनीच्या टोकाला. फळ्यावरच्या ‘अ’ला बोट लावलं की पोरं ‘अ’ सोडून तिच्याकडेच टकमक बघायची.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पुण्याजवळ, रिह्याच्या खोऱ्यातल्या आमच्या गावात महिला मंडळानं बालवाडी काढली आणि बाई म्हणून मला नेमलं. गावात दहावी झालेली मी एकटीच मुलगी होते, नाहीतर बौद्धवाड्यातल्या पोरीला कोण बोलावतंय! मी शिकवायला कुणाची हरकत नव्हती. अडलं ते लाडवांपाशी. पोरांना रोज सुकडीचे लाडू मिळायचे. सुकडी म्हणजे भाजलेलं पौष्टिक पीठ; ते गुळाच्या पाण्यात मळून लाडू वळायचे. पहिल्याच दिवशी मी परात पुढं ओढली, तर मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी माझा हात बघितला आणि परात मदतनीस बाईकडे सरकवली.

“तू आपली शिकीव,” त्या म्हणाल्या. “लाडू ही वळंल. तसल्या हातचं पोरान्ला नगं.”

“चामखिळींमुळं ना, वहिनी?”

“मग काय तर! दुसरं काय असनार हाय?”

घरी येऊन सांगितलं तर आई नुसतं “हं” म्हणाली. त्या “हं”मध्ये पुष्कळ काही होतं, पण मला ते ऐकायचंच नव्हतं. मला कारण चामखिळीच हव्या होत्या. चामखीळ निदान घालवता तरी येते हो! बाकीचं काय घालवणार, कपाळ? म्हणून मी त्यांच्या मागं हात धुऊन लागले.

चुना आणि सोडा लावून झाला. कातडी गेली, चामखीळ जागेवर. पौडाच्या डॉक्टरांनी एक जाळून दिली, तर तिच्या मयताला आल्यासारख्या शेजारी आणखी दोन उगवल्या. कुणीतरी म्हणालं, घोड्याचा केस बांधा, आपोआप गळून पडते. आता आमच्याकडे घोडा कुठला? वडील भरे गावाच्या बाजूला कारखान्यात जायचे. वाटेत त्यांना एक लग्नाची वरात दिसली, तेव्हा ते घोड्याच्या शेपटीपाशी गेले आणि अगदी नम्रपणे एक केस मागितला. घोडेवाल्याला वाटलं, हा नवरदेवावर करणी करतोय. वडील चप्पल टाकून पळत घरी आले. “तुझ्या चामखिळीपायी माझं दात जायची पाळी आली,” म्हणाले. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी पोट धरून हसले.

मग बुद्धपौर्णिमेला आमच्या विहारात जपानचे एक भन्ते आले. विहार म्हणजे चार भिंती आणि वर पत्रा, पण आम्ही चुना मारून लख्ख केला होता. बरोबर पुण्याचे एक प्राध्यापक दुभाषे म्हणून होते. भन्तेंनी भेट म्हणून चहाचा डबा दिला. आईनं झाकण उघडलं, वास घेतला आणि माझ्या कानात म्हणाली, “चहा कसला गं, सुकलेलं गवात हाय.” पण पाहुण्यानं आणलेलं पाहुण्यालाच आधी द्यायचं, ही आमची रीत. आईनं पातेलं चढवलं. म्हशीचं दूध, मूठभर साखर, ठेचलेलं आलं, आणि तो पाला. पाल्याला रंगच येईना, म्हणून ती उकळत राहिली. येईल कसा, हिरवा चहा तो! शेवटी जे उतरलं ते शेवाळ धुतलेल्या पाण्यासारखं दिसत होतं.

पेला घेऊन मी गेले. भन्तेंनी तो दोन्ही हातांनी घेतला, मान लववून. माझ्या त्या हातातून. कुणी माझ्या हातून असं काही घेतलेलं मला आठवत नव्हतं, आणि मला एकदम रडू फुटेल असं वाटलं. भन्ते एक घोट प्यायले, थांबले, आणि प्राध्यापकांमार्फत विचारलं की हे कुठलं पेय.

“तुमचाच चहा की!” आई म्हणाली.

भाषांतर ऐकल्यावर भन्ते इतके हसले की त्यांचं चीवर खांद्यावरून घसरलं. पण पेला त्यांनी संपवला, हे सांगायलाच हवं. मग माझा हात पाहून त्यांनी सांगितलं, आमची आजी अशा चामखिळींवर चहाचा ओला पाला बांधायची, बघा करून.

झालं! रोज संध्याकाळी चहा झाला की आई पाला वाटून माझ्या बोटांवर थापायची आणि जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. आमच्या चुलत्यांनी तर वाड्यात जाहीर करून टाकलं की या चहानं गाठी विरघळतात, कॅन्सरसुद्धा पळतो. भन्ते यातलं अवाक्षर बोलले नव्हते. गलगंडवाली एक म्हातारी पेला घेऊन रांगेत उभी राहिली, तिला समजावून परत पाठवताना माझा घसा बसला.

आता माझी भाची औषधांच्या कंपनीत आहे. ती सांगते की हिरव्या चहाच्या अर्काचं मलम खरोखरच निघालंय, चामखिळींवरच. फक्त त्या चामखिळी अंगावर जिथं येतात ती जागा तिनं माझ्या कानात सांगितली. अगं बाई! म्हटलं, बरं झालं भन्तेंनी माझा हातच बघितला. कॅन्सरचं म्हणाल तर, चहातल्या द्रव्यांनी काचेच्या बशीतल्या पेशी मरतात म्हणे, पण माणसाचा कॅन्सर बरा होतो असं अजून कुणी छातीठोकपणे सांगत नाही. आणि हातावरच्या चामखिळी पुष्कळदा आपल्या आपणही जातात. तेव्हा माझ्या कशानं गेल्या, देव जाणे. म्हणजे, देव आम्ही मानत नाही, पण तुम्हाला कळलं ना!

गेल्या एवढं खरं. पावसाळा सरता सरता हात साफ झाला. मी बालवाडीत गेले आणि तो अध्यक्षीणबाईंपुढं धरला. त्यांनी उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

“बेस झालं,” म्हणाल्या. “पन आता मदतनिसाला सवं झालीया. तिच्याकडंच ऱ्हाऊंद्या.”

आईचं ते “हं” मला त्या दिवशी नीट ऐकू आलं. इतका संताप झाला की त्या दिवशी मी पोरांना एकच गाणं चार वेळा म्हणायला लावलं.

त्याच आठवड्यात अध्यक्षीणबाई आमच्या दारात. त्यांच्या हनुवटीवर हरभऱ्याएवढी चामखीळ होती आणि घरात लग्न निघालं होतं. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच म्हणाल्या, “वाईच पाला दे बांधून.”

“बांधून न्हाई देत, वहिनी. हितंच लावावा लागतोय, ताजा. आन् आधी चहा घ्यावा लागतोय.” आधी चहा ही अट माझी, भन्तेंची नव्हे.

त्यांनी मागं वळून वाट बघितली. कुणी नव्हतं. आत आल्या, बसल्या, आणि आईच्या हातचा तो दूध-आल्याचा जपानी चहा प्यायल्या. तोंड असं काही वाकडं झालं की विचारू नका. ते चहामुळं की घरामुळं, मला सांगता येणार नाही. मग मी माझ्या हातानं त्यांच्या हनुवटीवर लेप थापला आणि वरून चिकटपट्टी लावली.

दुसऱ्या दिवशी बालवाडीत मंडळाच्या सभेला पोरांच्या सगळ्या आया जमलेल्या. मदतनिसानं परात घेतली, तशी मी ती सरळ माझ्याकडं ओढली. हात धुतले, लाडू वळला, आणि अध्यक्षीणबाईंपुढं धरला.

“घ्या, वहिनी.”

त्या नुसत्या लाडवाकडं बघत होत्या.

“आता कसली अडचण?” मी म्हणाले. “काल ह्याच हातानं लेप लावलाय की तुमाला.”

सगळ्या आयांनी एकदम त्यांच्या हनुवटीकडं पाहिलं. पट्टीच्या कडेनं हिरवं ओघळलेलं होतं. नाही म्हणायला जागाच नव्हती. मी लाडू तसाच पुढं धरून ठेवला. त्या उठून गेल्या असत्या तर माझी नोकरीही गेली असती, आणि पुन्हा मी कुणापुढं हात केला नसता.

त्यांनी लाडू घेतला. डोळे माझ्यावर रोखून पुरता चावला, गिळला.

“गूळ कमी हाय,” त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. “उद्यापास्नं जास्ती घालत जा.”

मी मान खाली घालून पोरांसाठी लाडू वळायला लागले. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता. उद्यापास्नं, म्हणाल्या होत्या त्या.