साडेसातची चूक

काल सकाळी वसंतरावांनी आमच्या सोसायटीच्या बागप्रेमी ग्रुपवर लिहिलं, ‘जास्वंदीला पहिले फुल आले.’ मी लगेच टाकलं, ‘अहो, फूल! उकार दीर्घ.’ त्यांचं उत्तर आलं, ‘जास्वंदीला कुठे माहीत, ती तशीच फुलली.’ सगळे हसले.

ही थट्टा रोजचीच. पण आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासून माझा स्वभाव संशयी झालाय. ज्याला उकार कळत नाही, त्याचा तो सगळीकडेच चुकतो. या गृहस्थांची चूक मात्र रोज एकच, रोज नवी आणि बरोबर साडेसातला. काल संध्याकाळी खाली फळ्यावर त्यांच्या हातची सूचना पाहिली, ‘दुरुस्तीमुळे पाणीपुरवठा बंद राहील.’ चष्मा पुसून पुन्हा वाचली. ‘दुरुस्ती’तले दोन्ही उकार ऱ्हस्व! भलेभले तिथे घसरतात.

म्हणजे हे मुद्दाम चुकतात? एकट्या म्हाताऱ्याला तेवढाच विरंगुळा, म्हणून? असली दया मला नको.

आज साडेसातला ‘आशिर्वाद असू द्या’ आलं. डोळ्यांत खुपत होतं, तरी मी फोन पालथा ठेवला. म्हटलं, बघू काय करतात.

साडेआठला बेल वाजली. तीन जिने चढून वसंतराव दारात धापा टाकत उभे होते.

“तुमची दुरुस्ती आली नाही,” ते म्हणाले. मला एकदा नखशिखान्त न्याहाळलं आणि कठडा धरून उतरू लागले.

त्यांची पावलं खाली पोचेपर्यंत मी दारातच थांबलो. मग फोन उचलून लिहिलं, ‘अहो, आशीर्वाद! शी दीर्घ.’