उभ्यानं डोंगा

लग्न होऊन मी मूल शहराजवळच्या एका गावात आले तेव्हा माझी पाण्याशी ओळख बादलीपुरतीच होती. घराणं मासेमारीचं खरं, पण वडील कंडक्टर झाले आणि आम्ही ब्रह्मपुरीत वाढलो. सासर मात्र तलावावर जगणारं. खोड कोरून केलेला एक डोंगा होता. माझी नणंद त्यात उभी राहून लांब दांड्याचं वल्हं मारायची, तेही अंगण झाडल्यासारखं सहज.

तिचं लग्न ठरलेलं. भाताची रोवणी आटोपली तशी एका दुपारी ती मला ओढतच तलावाच्या पाळीवर, बांधावर, घेऊन गेली.

“मी गेल्यावर जाळे काढाले कोन जाईन? चाल वयनी.”

वारं सुटलं होतं. तुडुंब तलावावर आखूड, वेड्यावाकड्या लाटा उठत होत्या.

“उद्या शिकू,” मी म्हटलं.

“काऊन? उद्या वारा तुले विचारून येईन का?”

मी डोंग्यात उभी राहिले आणि लगेच पाण्यात गेले. पुन्हा चढले, दुसऱ्या बाजूनं गेले. मग वल्हं गाळात रुतलं, डोंगा पायाखालून निघून गेला आणि मी क्षणभर वल्ह्यालाच लटकले. पाणी कमरेएवढंच होतं, पण शेजारी पाण्यात उभी असलेली नणंद इतकी हसली की हसता हसता तीच गटांगळी खाऊन आली.

“आंगाची काठी नोको करू वो! लाट हालली का तू बी हाल. खाली पाहू नोको, त्या पळसाकडे पाहा.”

मी पळसाकडे पाहिलं. गुडघे सैल सोडले. डोंगा डुलला, मीही डुलले, आणि पडले नाही! पाठीवर वारा आला, पदर शिडासारखा फुगला आणि डोंगा सुसाट निघाला. मी आनंदानं किंचाळत होते. मागून नणंदही किंचाळत होती, पण ती वेगळ्याच कारणानं. वळायचं कसं, ते शिकवायचं राहूनच गेलं होतं.

समोर शिंगाड्याच्या वेलांपाशी, छातीभर पाण्यात, सासरे जाळं लावत होते.

मी तोवर त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. ते दिसले की पदर डोक्यावर घ्यायचा आणि बाजूला व्हायचं, ही रीत. आता पदर वाऱ्यावर, हात वल्ह्यावर, आणि बाजूला होणं माझ्या हातात नव्हतं. त्यांनी मला पाहिलं आणि झटकन पाठ फिरवली. मग समोरच्या बगळ्याला सांगावं तसं मोठ्यानं म्हणाले,

“उजवीकडे वल्हं दाबून धराव म्हना! डोंगा आपोआप फिरते!”

मी दाबून धरलं. डोंगा फिरला, लाटांना आडवा झाला आणि गदागदा हलू लागला.

“गुडघे! गुडघे ढिले ठेवाव म्हना!”

पाठ फिरवलेल्या माणसाला माझे गुडघे दिसले कसे? मला हसू फुटलं. सासऱ्यांसमोर मी खदाखदा हसले. बगळा उडाला. सासऱ्यांचे खांदे हलत होते, पण त्यांनी तोंड काही वळवलं नाही.

परतताना वारा समोरून होता. प्रत्येक लाट तोंडावर फुटत होती. दंड भरून आले, पण मी बसले नाही. नणंद पाळीवर नाचत होती.

संध्याकाळी सासूबाईंनी नणंदेकडून सगळं ऐकून घेतलं. जेवताना सासरे भिंतीकडे पाहून हसत होते, पण सासूबाई मान खाली घालून वाढत राहिल्या. मला वाटलं, आता बोलणी ऐकावी लागणार.

दुसऱ्या दिवशी मी पाळीवर गेले तर सासूबाई आधीच लुगडं खोचून डोंग्याच्या पुढच्या टोकाला बसलेल्या.

“तुह्या सासऱ्यानं मले कधी फिरवलं नाई,” त्या म्हणाल्या. “चाल, तू फिरव.”

मी उभी राहिले, वल्हं मारलं. वारा कालच्यापेक्षा जोरात होता. पहिल्याच लाटेनं त्यांच्या मांडीवर ओंजळभर पाणी आणून टाकलं. आता ओरडतील म्हणून मी हात आवरला, तर त्यांनी दोन्ही कडा घट्ट धरल्या आणि मागे न पाहताच त्या ओरडल्या,

“थांबली काऊन? जोरात ने ना वो!”