'येतो' म्हणून गेलेला प्रोग्रॅम

मंगळवारी बेंबळीच्या वाचनालयात माझ्याच एका शब्दानं माझी भर सभेत फजिती केली. सभा म्हणजे तीनच माणसं... पण फजितीला तेवढी पुरतात.

मी घरून सॉफ्टवेअरचं काम करतो आणि फावल्या वेळात एक छोटं प्लगइन, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरला जोडायचा पूरक तुकडा, सांभाळतो. जावा या संगणकाच्या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम बांधून तयार करणाऱ्या बिल्ड टूलला ते जोडलं, की एका कमांडवर प्रोग्रॅम चालू होतो. एवढंच त्याचं काम.

मराठीसाठी मी गावोगावी भाषणं ठोकली आहेत. यंत्र आपल्या घरात राहतं, आपली वीज खातं, तर त्यानं आपल्याच भाषेत बोललं पाहिजे! म्हणून महिन्याभरापूर्वी प्लगइनचे सगळे संदेश मराठीत केले. प्रोग्रॅम सुरू होताना 'नमस्कार', बंद होताना 'येतो'. घरातून निघताना आपल्यात कुणी 'जातो' म्हणतं का? अभद्र वाटतं... या शब्दावर मी स्वतःच इतका खूश, की दोन दिवस भेटेल त्याला सांगत होतो.

वाचनालयातल्या पुस्तकांच्या यादीचा प्रोग्रॅमही माझाच, आणि तो याच प्लगइनवर चालतो. पण त्यात दोन वर्षं बसून एकेक पुस्तक टाइप केलं ते आमच्या ग्रंथपाल नसीमा आपांनी. तेही दोन बोटांनी.

मंगळवारी ग्रंथालय खात्याचे तपासणीस साहेब आले. यादी दिसली तर वाचनालयाला 'ड' वर्गातून वरच्या 'क' वर्गात न्यायची शिफारस, नाही तर आपांची दोन वर्षं पुन्हा कपाटात...

आपांनी आयकॉन दाबला. काळ्या पडद्यावर आलं, 'नमस्कार'. लगेच खाली, 'येतो'.

"येतो म्हणतंय साहेब, बसा की," आपा म्हणाल्या. साहेब बसले. चहा आला.

मी पडद्याकडं पाठ करून उभा होतो आणि साहेबांना यंत्रानं मराठी का बोलावं ते समजावत होतो. बोलायला लागलो की मला दुसऱ्याचं ऐकू येत नाही, हा माझा जुना रोग. मातृभाषा, स्वाभिमान, गुलामी... अर्धा तास!

शेवटी आपाच म्हणाल्या, "आरं बाबा, भाषण आवर. तुझं मशीन कवाधरनं येतो म्हणतंय, आलंय कुठवर?"

मी वळलो. पडदा वाचला.

"आपा... ते येत नाही. ते गेलंय."

"कवा?"

"चहाच्या आधी."

साहेबांनी घड्याळ बघितलं. त्यांना पुढं तेरखेड्याला जायचं होतं. आपांनी कपाळाला हात लावला, "मग मेलंय म्हण की सरळ!"

झालं असं, की आदल्या दिवशी मीच आवराआवर म्हणून पुस्तकांची फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली होती. प्रोग्रॅमला ती सापडली नाही, तो पडला, आणि पडता पडता रीतसर निरोप घेऊन गेला. फाइल जागेवर ठेवली, दोन मिनिटांत यादी समोर.

साहेबांनी शेळीपालनाचं पुस्तक मागितलं. आपांनी दोन बोटांनी शोधलं, कपाट सांगितलं, खण सांगितला... पुस्तक बरोबर तिथंच! साहेबांनी वर्गवाढीची शिफारस लिहिली. निघताना ते दारात 'ये...' म्हणून थबकले, हसले आणि म्हणाले, "जातो बरं का."

जावाचा प्रोग्रॅम संपताना एक आकडा मागं ठेवतो. शून्य म्हणजे काम नीट झालं, दुसरं काही म्हणजे बिघडलं. माझं प्लगइन तो आकडा बघतच नव्हतं. भाषेच्या नादात मी संदेश गोड केला, पण खरा केला नाही!

बुधवारी सुधारणा केली. काम नीट संपलं तर 'काम झालं, बंद होतोय'. बिघडलं तर 'पडलो', आणि खाली कारण. मराठी आहेच, ती सोडणार नाही! प्लगइनच्या बदलांच्या नोंदीत सुचवणाऱ्याच्या जागी लिहिलं: नसीमा आपा, बेंबळी. त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे.

काल वाचनालयात जाऊन फाइल मुद्दाम हलवली आणि आपांना पडदा दाखवला. 'पडलो. पुस्तकांची फाइल सापडली नाही.'

आपांनी चष्मा सावरून दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "तुझ्यापेक्षा शहाणं निघालं की हे... तुला अर्धा तास लागला होता."