पितराच्या पाटावरची शिष्यवृत्ती

मंडळाचा इतिहास छापायचं ठरलंय. परवा चिटणीसांचा माणूस आला. म्हणाला, "आबा, तुम्ही पहिल्यापासूनचे. जुने फोटो आहेत का काही?" फोटो कुठले? फोटो निघायचे तेव्हा मी खुर्च्या मांडायला असायचो. मग म्हणाला, चार ओळी तरी लिहून द्या. मी मराठी दुसरीपर्यंत शिकलो. पुढचं वाचन मंडळाच्या चिठ्ठ्या घरोघर पोचवताना पत्त्यांवरून शिकलो. लिहितो तसं घ्या. आणि चार ओळींत हे मावणार नाही.

बायको गेल्याला अजून वर्ष झालं नाही. चुलीकडे पाठ करून लिहायला बसलोय, कारण तिकडे तोंड केलं की ती बसलेली दिसते. लोक भास म्हणतात. म्हणोत.

मंडळ म्हणजे मुंबईला जाऊन बी.ए., एलएल.बी. झालेली आपल्या खानदेशातली माणसं. सुरुवातीला एवढी थोडी होती की एका सतरंजीवर मावायची. वकील, हायस्कुलातले मास्तर, एक डॉक्टर. खानदेशाचे सरकारने पूर्व-पश्चिम दोन जिल्हे केले, पण मंडळ एकच राहिलं. भांडणं मात्र दोन जिल्ह्यांची. सभा धुळ्याला घ्यायची की जळगावला? एकदा वाद इतका पेटला की सभा मधेच, चाळीसगाव स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये घेतली. गाडी आली आणि ठराव अर्धा टाकून सगळे पळाले. माझ्या डोक्यावर सतरंजी होती. हे इतिहासात घालणार नाहीत, म्हणून मी घातलं.

मी मंडळाचा शिपाई. धुळ्याला देवपुरात मंडळाची भाड्याची खोली होती, तिच्या मागच्या पडवीत आम्ही नवराबायको राहायचो. आम्हाला मूल झालं नाही. हे एकदाच लिहितो.

मंडळाचं खरं काम एकच, गरिबाच्या पोराला कॉलेजात पाठवायचं. वर्गणीतून एखादा जायचा. पण मोठी शिष्यवृत्ती आली ती जळगावकडच्या एका शेतकरी नानांकडून. केळीचे मळे, सरकीचा धंदा, घरात एकुलता एक मुलगा. मुलगा मुंबईहून बी.ए.चे पेपर देऊन आला तो ताप घेऊनच. निकाल लागायच्या आत गेला. निकाल पास आला. नानांनी मंडळाला सांगितलं, दरसाल शेतकऱ्याच्या एका पोराचा चारही वर्षांचा खर्च मी करीन. अट एक. ज्याला द्यायचं त्यानं आधी आखाजीला आमच्या घरी जेवायला यायचं.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आपल्याकडे त्या दिवशी घरच्या मेलेल्यांची घागर भरतात, घागरीवर खरबूज ठेवतात, आणि मेलेल्याच्या नावानं एका जित्या माणसाला पाटावर बसवून जेवू घालतात. त्याला पितर म्हणायचं. नानांच्या घरी त्यांच्या मुलाचा पितर म्हणून हा शिष्यवृत्तीचा पोरगा बसायचा.

मंडळी हसली. चिटणीस तेव्हा एक वकील होते, म्हणाले, "पुरणाचे मांडे आणि आमरस खायचा, वर बी.ए. व्हायचं. अशी अट मला कुणी घातली असती तर!" ठराव पास झाला. पोराच्या घरी काय वाटेल, ते सभेत कुणी विचारलं नाही.

पोराला घेऊन जायचं काम माझं, आणि मांडे खापरावर टाकायला हात हवा म्हणून बायको बरोबर. पहिल्या साली पोरगा नुसता जेवला. दुसऱ्या साली नानांच्या बायकोनं, त्यांना सगळे अक्का म्हणायचे, त्या पोराच्या अंगावर मुलाचा काळा कोट चढवला. तिसऱ्या साली त्याला मुलाच्या नावानं हाका मारल्या. तो तिसरा गावी गेला आणि दोन महिने तापानं पडला. वाचला, कॉलेजातही गेला, पण गोष्ट फिरायची ती फिरली.

चौथा पोरगा सोनगीरकडचा. बाप नाही, आई दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जायची. दोन वर्षं तो हायस्कुलासाठी आमच्याच पडवीत राहिला होता. बायकोनं त्याला दोन्ही वेळ खाऊ घातलं. गणितात हुशार, बाकी भित्रा. ही शिष्यवृत्ती नसती तर त्याला पुन्हा शेतात जावं लागणार होतं. दुसरी वाट नव्हती.

आखाजीला आम्ही नानांच्या दारात पोचलो. अंगणात पोरी झोक्यावर गात होत्या. ओसरीवर पाट मांडलेला, भोवती रांगोळी, खुंटीला कोट. पोरगा पाय धुऊन पाटाकडे निघाला, आणि तेवढ्यात त्याची आई दारात. आदल्या दिवशी कुणीतरी तिला सांगितलं होतं म्हणे. कुणाकडून तिकिटाचे पैसे घेऊन ती जळगावपर्यंत गाडीनं आणि पुढे चालत आली होती. पायावर धूळ. तिनं पोराचं मनगट धरलं.

"मना आंडोर जित्ता शे," ती म्हणाली, माझा मुलगा जिवंत आहे. "मरेल माणूसना पाटवर मी बसू देवाव नही."

झोका थांबला. नाना म्हणाले, "बाई, चार वर्षांचं शिक्षण आहे. विचार कर."

"तुमना पैसा तुमले," ती म्हणाली. "माले एकच शे."

अक्का आतून आल्या. त्यांच्या हातात आमरसाची वाटी होती. बाईकडे त्यांनी बघितलंच नाही, पाटाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे यंदा तो उपाशीच जाणार." आवाज चढवला नाही. पण नाना उठून उभे राहिले आणि मला म्हणाले, "शिपाई, पोराला घेऊन जा. मंडळाला सांग, आमच्याकडून संपलं."

पोरगा रडायला लागला. मोठा मुलगा, मिसरूड फुटलेला, आईच्या पदराशी रडतोय.

तेव्हा माझी बायको चुलीपासून उठली. हात पिठाचे. अक्कांच्या पुढे जाऊन म्हणाली, "अक्का, आमचं माणूस बसेल. आमच्या मागं कुणी नाही रडायला. मी एकटी आहे, ते माझं मी बघीन. पण मग या पोराची फी तुम्ही भरायची."

मला कुणी विचारलं नाही. मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे बघितलं नाही. कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत उतरलं होतं. ती काय पणाला लावत होती ते तिथल्या सगळ्या बायांना कळलं. एक म्हातारी म्हणालीसुद्धा, "बाई, येडी व्हयनी का?"

मी बसलो. केस पिकायला लागलेला माणूस, कोट दंडात अडकला, बाह्या कोपरापर्यंत. कापराचा वास. हसायला यावं असा दिसत असेन, पण कुणी हसलं नाही. अक्का समोर बसल्या. माझ्या पानात मांडा वाढला, रस ओतला. त्यांनी त्या मुलाच्या नावानं हाक मारली. मी मान वर केली.

"पेपर कसा गयात रे भाऊ?" त्यांनी विचारलं.

मला पेपर काय माहीत? माझ्या जिभेवर शब्द आला तो माझा होता असं मी आजही म्हणत नाही.

"चांगला गयात, माय," मी म्हणालो.

"इंग्रजीना?"

"इंग्रजीनाबी."

त्यांनी वाटीतला उरलेला रस माझ्या पानात ओतला. मग म्हणाल्या, "माले माहीत व्हतं. आते जेव." मी जेवलो. सगळं पान संपवलं. बायकोनं मागून पाणी वाढलं, तिचा तांब्या पानाला लागला.

अक्का उठताना नानांना म्हणाल्या, "त्या पोऱ्यानी फी भरा." एवढंच. नानांनी मान हलवली. पोराची आई अक्कांच्या पाया पडायला वाकली, तर अक्कांनी तिला उठवून आत जेवायला नेलं.

तो पोरगा बी.ए. झाला, पुढे मंडळातही आला. अट नानांनी कागदावर तशीच ठेवली, पण त्यानंतर एकाही पोराला पाटावर बसवलं नाही. अक्का होत्या तोवर दर आखाजीला मीच बसलो. चिटणीस वकील चिडवायचे, "काय हो, यंदा तरी निकाल लागला का तुमचा?" मी म्हणायचो, लागला, पास. सभेत हशा व्हायचा. बायको त्या हशाला कधी हसली नाही.

आता राहिलं ते मी पहिल्यांदा पाटावर बसलो त्या दिवसाचं. नानांच्या घरची रीत होती, पितर जेवून उठला की त्यानं गाव सुटेपर्यंत मागं बघायचं नाही, बोलायचं नाही. मी पुढे चाललो होतो, बायको मागून. भर दुपार. पायाखाली माती तापलेली, आणि मला ऊन लागत नव्हतं. खरं सांगतो, लागत नव्हतं. मला स्टेशनची वाट माहीत होती, तरी मी मळ्याकडे वळलो. का वळलो ते मला ठाऊक नाही. त्या घरचा मुलगा त्या मळ्यातच जाळला होता, हे मला नंतर कळलं.

तेव्हा मागून हाक आली. बायकोनं माझं नाव घेतलं.

लग्नानंतर घास भरवतानासुद्धा तिनं उखाणा आडवळणाचा घेतला होता. आपल्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, आणि ती तर नाहीच नाही. तिनं नुसतं नाव घेतलं, मोठ्यानं, रस्त्यात, जसं आई पोराला विहिरीच्या काठावरून मागे बोलावते. मी ओ दिली आणि वळलो. ऊन एकदम डोक्यावर आलं. ती धावत आली, माझ्या दंडाला धरून तपासलं, आणि म्हणाली, "चला. गाडी चुकेल."

पुन्हा कधी तिनं नाव घेतलं नाही. मी एकदोनदा थट्टेत म्हणालो, घे की. तर तोंड फिरवायची.

ती गेली तेव्हा मी जवळ नव्हतो, चक्कीवर दळण टाकायला गेलो होतो. शेजारीण सांगते, शेवटी तिनं काहीतरी एकदा मोठ्यानं म्हटलं, कळलं नाही काय ते.

आता दुपारी पडवीत पडलो की ती हाक येते. माझं नाव, तेवढंच. शेजारीण म्हणते, "आबा, अशा हाकेला ओ देऊ नये, माणूस ओढला जातो." मी देतो. उठून दारापर्यंत जातो, रस्त्यावर बघतो, ऊन असतं.