वरून काय दिसलं

मधू गेल्याची बातमी आमच्या रविवारी चालणाऱ्यांच्या ग्रुपवर आली, कुणाच्या तरी सुप्रभातच्या गुलाबाखाली. पाठोपाठ जोडलेल्या हातांची रांग लागली. दुपारी जेवून खुर्चीत बसला होता, तिथेच गेला... कुणाला फारसं न उठवता.

शोकसभा मात्र त्याला मुळीच न शोभणारी झाली. मधूला कधी चालताना न पाहिलेल्या, कुठल्याशा मंडळाच्या एका माजी अध्यक्षांनी त्याला ‘सह्याद्रीचा सुपुत्र’ केलं आणि ‘शेवटच्या रविवारपर्यंत शिखर गाठणारा’ म्हणून टाळ्या घेतल्या. शोकसभेत टाळ्या! मी खाली मान घातली. गेली काही वर्षं मधू शिखरावर गेलाच नव्हता, आणि माझ्या समजुतीप्रमाणे हे फक्त मला ठाऊक होतं.

बाकीचे त्यांच्या वाटेने जायचे, आम्हा दोघांचा रस्ता ठरलेला. गंगापूर धरणाच्या पलीकडे गाडी लावायची, वाइनच्या द्राक्षांच्या बागांमधून चालत जायचं, मग साग-ऐनाच्या रानातून डोंगरमाथा. वाटेत शहरातली मंडळी ग्लास नाकाशी धरून गंभीर चेहऱ्याने चॉकलेट, लाकूड, कसले कसले वास ओळखत उभी असतात. मधू म्हणायचा, “मला द्राक्षांचाच वास येतो रे. माझंच काहीतरी चुकत असणार.” पुढे त्याच्या हृदयाची झडप खराब निघाली, डॉक्टरांनी चढण बंद केली. घरी त्याने सांगितलं नाही. बागेची तार संपते तिथे मोहाच्या झाडाखाली तो बसून राहायचा, मी वर जाऊन यायचो. “काय दिसलं?” तो विचारायचा. मी कंजूष बातमीदार. “धरण. धुकं. दोन घारी.” तेवढ्या ऐवजावर तो इंदिरानगरला घरी जाऊन चहाबरोबर सुमनवहिनींना सगळा डोंगर सांगायचा. एकदा मी समोर होतो. माझ्या दोन घारींचा थवा झाला होता.

सभेनंतर वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, मला त्या डोंगरावर न्या. हे काय बघायचे, ते एकदा बघू दे.”

नाही कसं म्हणणार? खरं सांगावं, तर मधूने हौसेने सांगितलेले इतके रविवार त्यांच्याकडून काढून घेतल्यासारखं. न सांगावं, तर वर गेल्यावर डोंगरच सांगेल, अशी धास्ती.

बागांत तोडणी चालली होती. कॅरेट भरणारी एक बाई म्हणाली, “आजी, वर निघाल्या का? लय चढ हाय.”

“आजी कुणाला म्हणतेस गं? आण ते कॅरेट, तुझ्याआधी भरून दाखवते.” वहिनी नामपूरच्या शेतकऱ्याची मुलगी. मधू गेल्यापासून त्यांचा आवाज असा मी पहिल्यांदाच ऐकला.

थांबत थांबत चढल्या. माथ्यावर पोचल्यावर डोळ्यांवर हात धरून त्यांनी चहूकडे पाहिलं. लांब धरण चकाकत होतं, खालच्या उतारावर पळस लालभडक फुलला होता.

“दिवाळीत येऊन सांगत होते, सगळं रान पळसाने पेटलंय म्हणून.” रागावल्या की त्या अहिराणीत शिरतात. “दिवाईले पयस फुलस का कोठे?”

दिवाळीच्या त्या रविवारी धुक्यात मला काहीच दिसलं नव्हतं. मधूने गेल्या शिमग्याचा शिळा माल काढला असणार. जन्म शहरात गेलेला माणूस, पळस कधी फुलतो हे त्याला कुठून ठाऊक!

“वर येत नव्हते ना ते?”

“नाही.”

“जिन्यात थांबून किल्ली शोधायचे. किल्ली हातातच असायची... मी वरून बघायचे.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलले असते तर हे घरीच बसले असते. मग एवढं सगळं मला कुणी सांगितलं असतं?” आणि त्या खाली बसल्या, पदर तोंडाशी धरून. मी धरणाकडे बघत उभा राहिलो.

आता रविवारी परतताना मी इंदिरानगरला थांबतो. मागच्या खेपेला माझे पाय बागेपुढे गेलेच नाहीत. वर जाऊन खाली यायचं, ते कुणाकडे? तसाच परत फिरलो. वहिनींनी माझ्या कोरड्या सदऱ्याकडे पाहिलं, चहाचा कप समोर ठेवला आणि विचारलं, “काय दिसलं वरून?”

मी सांगायला लागलो. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.